टपालवाट

गेणू साबळे यांनी, म्हणजे वाडीच्या नानांनी, चौतीस वर्षं टपाल वाहिलं. सकाळी मढच्या टपाल कचेरीतून पिशवी खांद्याला लावायची, डोंगराची चढण चढायची आणि राई ओलांडून वर पिसेवाडीत पोचायचं, हे त्यांचं काम. वाटेत एक कातळ लागे. त्यात सतरा पायऱ्या कोरलेल्या होत्या. कुणी आणि कधी कोरल्या, ते वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पायऱ्या संपल्या की वनदेवाची राई सुरू व्हायची आणि नाना चपला काढून हातात घ्यायचे. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. म्हणून तर तिथले बेहडे तिघांच्या कवेत मावत नव्हते आणि गारंबीचे वेल मांडीएवढे जाड झाले होते.

नाना निवृत्त झाले, गुडघे धरले, वाट त्यांच्याकडून सुटली. त्यानंतर काही वर्षांनी राईखालचा उतार बाहेरच्या एका बिल्डरनं घेतला. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, आणि फाटकावर वॉचमन म्हणून नानांचा सख्खा पुतण्या रामदास उभा राहिला. वाडीतून मढला जायला आता सडकेनं चौदा किलोमीटरचा वळसा पडू लागला. नानांची बायको कुशाबाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला आरोग्य केंद्रात जायची, ती दोन-दोन महिने जाईना. लोक चार दिवस कुरकुरले आणि गप्प झाले. खालची वाट बंद झाल्यावर राईत कुणाचं जाणंही उरलं नाही.

आणि मग एका दुपारी नानांनी राईतून करवतीचा आवाज ऐकला.

ते काठी टेकत खाली उतरले. राईच्या खालच्या कडेला चार बेहडे आडवे पडलेले. पाचव्याच्या बुंध्याला दोन माणसं मशीन लावत होती. नानांनी काठी टाकली आणि त्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले.

"आजोबा, बाजूला व्हा. मशीन चालू हाय."

"मंग बंद कर."

मशीन बंद झालं नाही. ते नानांच्या कमरेपासून हातभर अंतरावर घरघरत राहिलं. त्याचा भुसा त्यांच्या धोतरावर उडत होता. पण ते हलले नाहीत. फाटकाकडून रामदास धावत आला.

"नाना, घरी जावा! हितं बंगले व्हणार हायेत, वरच्या टप्प्याला झाडं आडवी येत्यात, म्हून तोडत्यात. ही माणसं लई वाईट हायेत."

"आन् तू?"

रामदासनं मान खाली घातली. "मला विचारून तोडत्यात व्हय?"

सूर्य कलला तेव्हा ती माणसं मशीन बंद करून निघून गेली. नाना तिथंच मटकन खाली बसले.

त्यांनी वनखात्याकडे तक्रार दिली, तिचं तेव्हा काहीच झालं नाही. उलट बिल्डरनंच त्यांच्यावर जबरदस्तीनं जागेत घुसल्याची तक्रार केली आणि पोलिसांनी त्यांना बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. घरी आल्यावर कुशाबाई म्हणाली, "ह्या वयात जेलात जाता का? आपल्या बापजाद्याची राई हाय का ती?"

"कुणाचीच न्हाई, म्हून तर जाती हाय," नाना म्हणाले. "लोकांचा पाय तिथं पडत व्हता तवर कुणाची हिंमत झाली न्हाई. वाट उघडली पायजे."

मग जुन्नरच्या कचेऱ्यांचे हेलपाटे सुरू झाले. सहाव्या खेपेला गावाचा जुना नकाशा हातात आला. त्यात मढपासून पिसेवाडीपर्यंत तुटक रेघ होती, म्हणजे पायवाट. तहसील कचेरीत रस्ता खुला करून मिळण्याचा अर्ज दाखल झाला आणि जानेवारीत स्थळपाहणीची तारीख पडली.

तहसीलदार बाई तलाठ्याला आणि एका मजुराला घेऊन अकरा वाजता फाटकावर आल्या. बिल्डरचे वकील आधीच हजर होते. रामदासनं खाली बघतच फाटक उघडलं. आत पाऊल टाकलं आणि नाना जागीच थांबले. जेसीबीनं सगळा उतार खणून त्याचे टप्पे केले होते. कातळ कुठं दिसेना. जिकडे बघावं तिकडे लाल माती.

"नकाशावरची रेघ शंभर वर्षांपूर्वीची आहे, मॅडम," वकील म्हणाले. "जागेवर वाट दाखवा म्हणावं."

नाना या टप्प्यावरून त्या टप्प्यावर फिरले. एके ठिकाणी मजुरानं खणून बघितलं, माती. दुसरीकडे खणलं, मुरूम. बारा वाजले. बाईंना एक वाजता दुसऱ्या सुनावणीला पोचायचं होतं.

"बाबा, निशाणी सापडत नसेल तर मला तसा पंचनामा करावा लागेल."

"मॅडम, मी खालनं शोधतोय, ते चुकतंय. वर राईत वाट अजून शाबूत असंल. तिथनं धरून खाली येतो. अर्धा घंटा द्या."

"हा नुसता वेळकाढूपणा आहे," वकील म्हणाले. बाईंनी घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं."

नाना झुडपांना धरधरून चढले. राईच्या कडेला आता तोडलेल्या झाडांचे अकरा बुंधे होते. नानांनी ते एकेक करून मोजले. पण रडायला सवड नव्हती. त्यांनी चपला काढल्या. पानांच्या थराखाली तळव्याला दबलेली, घट्ट जमीन लागली. तिच्यावरून ते उतरत आले आणि मातीच्या ढिगाशी थांबले.

"हितं खणा."

मजूर खणू लागला. हातभर खड्डा झाला, दीड हात झाला. माती आणि मातीच. पहार उचलताना मजूर धापा टाकत होता. वकिलांनी फाईल बंद केली. बाईंनी तलाठ्याकडे बघितलं.

तेवढ्यात मागून रामदासचा आवाज आला. "दोन हात डावीकडं."

सगळे वळले. वकील ओरडले, "तुला कुणी विचारलं रे?"

"डावीकडं खणा," रामदास पुन्हा म्हणाला. "माती टाकली तवा मी हितंच हुबा व्हतो."

तिसऱ्या घावाला पहार दगडावर वाजली. मजुरानं हातानं माती सारली. झिजून मधोमध खोलगट झालेली पायरी उघडी पडली, तिच्याखाली दुसरी. बाई स्वतः वाकल्या आणि म्हणाल्या, "पंचनाम्यात लिहा. फोटो घ्या. वर पडलेल्या झाडांचेही घ्या."

रामदासची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. वाट खुली करण्याचा आदेश व्हायला पुढं चार महिने लागले. वनखात्यानं झाडतोडीचा गुन्हा नोंदवला, तो खटला अजून चालूच आहे. अकरा बेहडे गेले ते गेलेच. त्यांच्या जागी वाडीनं लावलेली रोपं गुडघ्याएवढी आहेत.

कुंपण निघालं त्या दिवशी नाना रामदासच्या दारात गेले. तो ओसरीवर बसून होता. नाना काठी टेकून त्याच्या शेजारी बसले.

"सतरातल्या पाचच पायऱ्या मोकळ्या झाल्यात," ते म्हणाले. "बाकीच्या कुठं हायेत ते तुलाच ठावं."

रामदास उठला. मग त्यानं आत जाऊन फावडं आणलं.