क्रुसापुढचा पहिला पेला

दारूबंदी होती म्हणे! आमच्या अंधेरीच्या गावठाणात ती कोणाला दिसली असेल तर मला सांगा. आमच्यापासून चौथ्या घरी भट्टी लागायची आणि हवालदार त्याच ओट्यावर बसून विडी ओढायचा. माझा नवरा अकरा वर्षं तिथली ढोसत होता. शेवटी रक्ताची उलटी झाली, महिनाभर इस्पितळात पडला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "पुन्हा प्यायला लागला तर माझ्याकडे आणू नका. सरळ शवपेटी सांगायला जा."

तिथल्या नर्सबाईने सांगितलं, घाटकोपरला कुठल्याशा शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची सभा भरते. शाळेचं नाव तिला आठवेना. पाद्रीबाबांना विचारलं, तर म्हणाले, बंदी आहे, आता पितंय कोण? जळलं मेलं ते बोलणं! शेजारणींचं आणखी वेगळंच. "वेडी की काय गं तू? तिथे उभं राहून 'मी पितो' म्हणायचं म्हणजे आपल्या पायांनी चौकीत जाऊन बसायचं. नाव लिहून घेतील."

दोन गुरुवार आम्ही घाटकोपरच्या शाळा धुंडाळल्या. एका शिपायाने तर वर्गणी मागायला आलो समजून हाकललं. तिसऱ्या गुरुवारी सापडली. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून सात मोठी माणसं बसली होती. नाव कोणी विचारलं नाही, लिहूनही घेतलं नाही. पण बोलणं सगळं इंग्रजीत! नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. एवढी वणवण करून यायचं आणि ओ की ठो कळायचं नाही? मी उठून म्हटलं, "इथे मराठी कोणाला येतं की नाही?"

मागच्या बाकावरचा एक मालवणी गिरणीकामगार हसला आणि नवऱ्याशेजारी येऊन बसला. त्यानंतर दर गुरुवारी तोच त्याला सगळं मराठीत सांगायचा. त्याचं एकच म्हणणं होतं, "पयलो गलास घेव नको रे. दुसऱ्याक नाय म्हणूक तुका जमाचा नाय. पयल्याक जमतला."

तसे तीन महिने गेले. नवरा जेवायला लागला, कामावर जायला लागला. सासू लितानीचा, म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायच्या प्रार्थनेचा नवस बोलली होती, तो फेडायचं ठरलं. आमच्यात संध्याकाळी गावच्या क्रुसापुढे लितानी म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात आणि चण्यांबरोबर दारू. पहिला पेला ज्याच्यासाठी लितानी त्याला, तोही घरातल्या थोरल्याच्या हातून. त्याने घेतल्याशिवाय बाकी कोणी तोंड लावत नाही. हे मला माहीत नव्हतं का? जन्मापासून बघत आले होते. पण दारू सुटल्याच्या लितानीला कोणी दारू आणेल, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. उलट थोरल्या दिरांना मीच सांगितलं, "दादा, सगळं रीतीने करा, काही कमी नको."

त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. मी चण्यांचं पातेलं घेऊन पोचले तर लितानी संपली होती, आणि दादांनी भरलेला पेला नवऱ्यापुढे धरला होता.

"घे रे. देवाच्या नावाचा एक. एकाने काय होतंय?"

"दादा," मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"बायकांनी मध्ये बोलू नये. क्रुसापुढे कोणी नाही म्हणतं का?"

सगळी गल्ली पेल्याकडे बघत उभी होती. का नाही राहणार! त्याने घेतल्याशिवाय त्यांना मिळणार नव्हती ना! सासू हळूच म्हणाली, "नुसते ओठ लाव रे बाबा." नवऱ्याने पेला हातात घेतला. आणि तो हात वर जायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातेलं खाली आपटलं, त्याच्या हातातला पेला हिसकावला आणि घटाघटा पिऊन टाकला. जन्मात कधी थेंब घेतला नव्हता. घसा जळत गेला, डोळ्यांतून पाणी आलं.

"झाली रीत?" मी ओरडले. "आमच्या घराने घेतला! आता ढोसा तुम्ही!"

आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला घरी आणलं. वाटभर माझं तोंड चालूच होतं. घरात आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बाकावर बसला.

"तोंड धुऊन ये," म्हणाला. "वास येतो."

मग तर माझा ताबाच सुटला. "अकरा वर्षं मी तुझा सोसला! आणि तुला माझा एका पेल्याचा सहन होत नाही?"

"नाही होत," तो म्हणाला. "फार आवडतोय."

दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

मी मूठभर मीठ घेतलं आणि विहिरीवर गेले. चूळ भरत होते, दादांना शिव्या घालत होते, स्वतःला घालत होते, परत चूळ भरत होते. ओंजळीत फुंकून बघितलं, अजून येत होता. तो जाईपर्यंत मी घरात पाऊल टाकलं नाही.