छातीत नळी असेपर्यंत

आमच्या मोहाडीत कोणी आजारी पडलं की बघायला जावंच लागतं. येणारा खाटेवरच टेकणार, कपाळाला हात लावणार, अंगारा फासणार. यांना रक्ताचा कॅन्सर निघाला, नागपूरला केमो सुरू झाला, आणि घरी अशी रीघ लागली बाप्पा, की चहाचा गंज गॅसवरून उतरेना.

तिथल्या नर्सबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं. औषधासाठी छातीतून बारीक नळी घातलीय, ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलीय. केमोनं पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, अंगात लढायची ताकद नाही. नळीतून जंतू शिरला तर सरळ रक्तात. हात धुवा, पट्टी भिजू देऊ नका, माणसं लांब ठेवा. ताप आला तर गोळी देऊन वाट बघू नका, तडक निघा.

झालं, मी दारातच खुर्ची टाकली. तोंडाची मी आधीपासूनच फटकळ. "बरे झाल्यावर या, जेवायलाच या," म्हणायची. दीर रुसले, शेजारीण बोलेनाशी झाली. गेले उडत! मला माझा नवरा जिवंत हवा होता.

सासू आसगाववरून एसटीनं यायची. तिला जुना खोकला, म्हणून तिलाही ओसरीतच बसवायची. ती खिडकीतून विचारायची, "कसा हायेस रे बाबू?" हे आतून म्हणायचे, "बरा आहो, माय." थोडं बसून ती परत जायची. एकदा हे चिडले. "अवं, माय हाये ते माही. येऊ दे ना!"

"नळी निघू द्या, मग मांडीवर घेऊन बसा म्हणावं," मी म्हटलं. हसले बिचारे.

एका दुपारी जेवता जेवता हे थडथड कापायला लागले. ताप न मोजताच गाडी बोलावली. नागपूरला नळी काढली, भारी औषधं दिली, पण रक्तदाब काही सावरला नाही. गेले.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "जंतू नळीवाटेच रक्तात गेला. पण तो कोणी बाहेरून आणलेला दिसत नाही. माणसाच्या कातडीवर असतोच तो. तुम्ही काही कमी केलं नाही."

आसगाववरून धावत आलेली सासू शेजारीच उभी होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "त्याच्याच आंगावरचा होता म्हन्ते?"

"हाव."

"मंग मले काहून येऊ नाही देलं वं, बाई?"

रागानं नाही, खरंच विचारलं तिनं. तुमच्या खोकल्यानंही त्यांचा जीव जाऊ शकला असता, हे सांगता आलं असतं. नळी, पेशी, सगळं पाठ होतं मला. मी तिचा हात धरला आणि तिला आत, त्यांच्याजवळ नेलं.