बोरवाडी स्टेशनातल्या फौजदाराची अडलेली लघवी

या हकिकतीतला फौजदार हा बोका आहे. ही गोष्ट आरंभीच नमूद करून ठेवणे इष्ट. कारण त्या वेळी ती संबंधितांपैकी कोणीच नमूद केली नाही, आणि पुढचे सारे त्यामुळेच घडले.

बोका मष्णूचा होता. मष्णू मूळचा उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, गुंजीच्या अलीकडे रानात त्या काळी एक लहानसे स्टेशन होते. तिथे तो पैटमन होता, म्हणजे गाडी येण्यापूर्वी रुळांचे सांधे बदलणारा नोकर. स्टेशनाचे खरे नाव देणे मी टाळतो. आपण त्याला बोरवाडी म्हणू. काळ १९३४ च्या आसपासचा. याहून नेमके साल ठरवता येत नाही, कारण मष्णूची बायको शालूबाई आयुष्यातल्या सर्व घटना ‘म्हैस घेण्याच्या आदी’ आणि ‘म्हैस घेतल्यावर’ अशा दोनच कालखंडांत बसवते. ही घटना म्हशीच्या आधीची आहे, एवढे निश्चित.

मष्णू आज हयात नाही. माझी भिस्त शालूबाईवर, तेव्हाच्या स्टेशनमास्तरांच्या पत्नी विनोदिनीबाई यांच्यावर, आणि मालगाडीचे गार्ड नागोजीराव यांच्यावर आहे. तिघांचे जिथे जुळते तेवढेच मी ठामपणे लिहितो. नागोजीरावांचे स्वतःशीही फारसे जुळत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मष्णू उंच, हाडापेराने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा होता. जगातल्या कोणत्याही विषयावर त्याचे मत तयार असे, आणि वस्तुस्थितीचा त्या मतावर कधी परिणाम झाल्याचे आढळत नाही. इंजिन कसे हाकावे हे तो ड्रायव्हरला सांगे. मास्तर उपेंद्रराव नाडगीर बेळगावच्या शिकल्यासवरल्या घरातले, मितभाषी आणि काटेकोर गृहस्थ. त्यांना तो तारायंत्र शिकवी. स्वतःला ते येत नव्हते, ही अडचण त्याने मानली नाही.

बोक्याचे नाव त्यानेच ठेवले होते. हा बोका उजाडताच मालाच्या गोदामात फेरी घाली, प्रत्येक पोत्यापाशी थांबून ते हुंगे, आणि कोणाला काही न विचारता आपला वाटा घेऊन जाई. वाटा सुक्या मासळीचा असे. गोव्याकडून येणाऱ्या खाऱ्या बांगड्यांच्या करंड्या बोरवाडीला उतरत, आणि त्यांतला एखादा बांगडा फौजदाराच्या तोंडी लागल्यावाचून करंडी पुढे जात नसे. मष्णूला मूलबाळ नव्हते. शालूबाईचे शब्द असे: “मला ताप आला तर ‘पड घटकाभर’ म्हनायचा. बोक्यानं शिंक दिली तर रजा मागायचा.”

एके सकाळी इंजिनाच्या राखेच्या ढिगावर फौजदार नेहमीप्रमाणे बसला, कुंथला, आणि उठला. राख कोरडीच होती. थोड्या वेळाने तो पुन्हा बसला. दुपारपर्यंत त्याने मास्तरांची कचेरी, मालाचा काटा, विनोदिनीबाईंचे तुळशीचे आळे आणि शालूबाईचे सूप अशा सर्व ठिकाणी बसून पाहिले. कुठे एखादा थेंब पडे, तोही लालसर. एरवी नुसते ओरडणे. मष्णूचा आवाज त्या दिवशी प्रथमच उतरला, असे तिघेही सांगतात. याआधीचा त्याचा बोका याच दुखण्याने गेला होता. पाणी सुटले नाही तर हाही जाणार, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

मत तयार असल्यामुळे त्याने उपचार तात्काळ सुरू केले. रुळाकडेचा सराटा, म्हणजे गोखरू, उपटून काढा केला. तो निम्मा बोक्याच्या आणि निम्मा मष्णूच्या अंगावर गेला. पोट शेकले. दृष्ट काढली. गळ्यात काळा दोरा बांधला, तो फौजदाराने तोडला. अखेर खानापूरकडे निघालेल्या मालगाडीच्या गार्डला, म्हणजे नागोजीरावांना गाठून त्याने निरोप दिला: “चिंतामणी वैद्यास्नी सांगा, फौजदाराची लघवी अडलीया. येऊन बघा म्हनावं.”

पुढचा घोटाळा एका अनुस्वाराचा आहे. मष्णू ‘फौजदाराची’ म्हणाला. नागोजीराव अदबशीर माणूस. खानापुरात वैद्यांच्या ओसरीवर त्यांनी तो निरोप ‘फौजदारांची’ असा पोचवला. हे सवयीने झाले की गंमत म्हणून, याविषयी त्यांनी प्रत्येक भेटीत मला निराळे सांगितले आहे. खानापूरचे खरे फौजदार त्याच आठवड्यात चोरट्या दारूच्या तपासासाठी त्या रानात फिरतीवर होते, हे मात्र खरे. वैद्यांना शंका येण्याचे कारणच नव्हते. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पिशवी भरायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने काळा कोट, धुतलेले उपरणे आणि छत्री अशा थाटात ते बोरवाडीच्या फलाटावर उतरले.

“फौजदार कुठे आहेत?” त्यांनी विचारले.

“गोदामात पडलाय, पोत्यावर,” मष्णू म्हणाला.

एका पैटमनने फौजदारांना एकेरीत संबोधावे, हे वैद्यांना रुचले नाही. पण रुग्ण आधी. त्यांनी चालता चालता विचारले, कालपासून किती वेळा झाली.

“व्हतीया कुठं? बसतोय, उठतोय, वरडतोय. काल शालूच्या सुपात बसला हुता.”

“सुपात?”

“व्हय. त्याच्या आदी तुळशीत.”

दुखणे मेंदूपर्यंत गेले, असा वैद्यांनी निष्कर्ष काढला आणि पावले उचलली. गोदामात मास्तर उपेंद्रराव उभे होते, विनोदिनीबाई आणि शालूबाई होत्या, आणि तांदळाच्या पोत्यावर एक पिवळा बोका होता. वैद्यांनी पोत्यामागेही पाहिले.

मष्णूने बोट दाखवले. वैद्यांनी पिशवी खाली ठेवली. मग वैद्य म्हणाले, “मी फौजदारांना बघायला निघालो, असे अर्ध्या खानापुराला सांगून आलो आहे.” परतीची गाडी संध्याकाळी होती. मास्तरांनी खुर्ची आणवली. आपण माणसांचे वैद्य आहोत, मांजरांचे नाही, असे वैद्यांनी तीवर बसून स्पष्ट केले.

त्यावर मष्णूने जे उत्तर दिले त्याविषयी शालूबाई आणि विनोदिनीबाई यांच्या साक्षींत शब्दाचाही फरक नाही. तो म्हणाला, “वैद्यबुवा, त्या फौजदाराला जे सांगनार हुता तेच सांगा. आमी करतो. अवयव तेच हाईत.”

वैद्यांनी बोक्याकडे पाहिले. बोका कण्हत होता. नाही म्हटले तरी पिशवी भरून आणलेली होती. त्यांनी डोळे मिटले आणि एखाद्या पोक्त, स्थूल, अधिकारी पुरुषाला सांगावे तसे पथ्य सांगायला सुरुवात केली.

दारू पूर्ण बंद, ते म्हणाले. घेत न्हाय, मष्णू म्हणाला. जागरण बंद, यावर गोदामातल्या उंदरांचे काय, असा प्रश्न निघाला, पण तो मास्तरांनी बाजूला ठेवला. मग वैद्यांनी विचारले, “सुके मासे, खारवलेले काही खाण्यात?”

मष्णू मासळीच्या करंड्यांकडे पाठ करून उभा राहिला. शालूबाई म्हणाली, “रोज. करंडीतनं. ह्यो सोत्ता काढून देतोय.”

“आणि पाणी किती पितात?” वैद्य सवयीने बहुवचनात गेले होते.

हे विनोदिनीबाईंना ठाऊक होते. फलाटाच्या टोकाला टाकीची तोटी होती, ती वर्षानुवर्षे गळत असे, आणि फौजदार तिथेच मान वाकडी करून ठिबकणारे पाणी चाटत बसे. मागल्या महिन्यात उपेंद्ररावांनी चामड्याचा नवा वायसर बसवून ती गळती थांबवली. वरच्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती, आणि येत्या फेरीत ते तोटी बघायला येणार होते. तेव्हापासून बोक्यापुढे वाटी भरून ठेवली जात होती. तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. विनोदिनीबाईंनी हे सारे नवऱ्याकडे न पाहता सांगितले.

पथ्य ठरले. सुके, खारट बंद. जे द्यायचे ते ताजे, ओले आणि पातळ: ओढ्यातली मासळी बिनमिठाने उकडून, तिच्या पाण्यासकट. त्याखेरीज कटिस्नान, म्हणजे कोमट पाण्यात कमरेपर्यंत बसवणे. शालूबाईचे घंगाळ आले, आणि मष्णूने फौजदाराला त्यात बसवले. या प्रयोगाचे वर्णन विनोदिनीबाईंनी टाळले. मष्णूच्या दोन्ही हातांवर पुढे जन्मभर ओरखड्यांचे वण होते, आणि ते बिबट्याचे असल्याचे तो परक्या माणसांना सांगत असे, एवढी माहिती मला इतरत्रही मिळाली.

स्नानानंतरही पाणी सुटले नाही. वैद्यांनी कोटाची बाही पिळली आणि अखेरचा उपाय सांगितला: रुग्णाला वाहत्या पाण्याच्या आवाजापाशी न्यावे, पुष्कळांना त्याने उतरते.

सगळे मास्तरांकडे बघू लागले. उपेंद्रराव कचेरीत गेले, पाना घेऊन आले, तोटी उघडली आणि आपल्या हाताने बसवलेला वायसर आपल्या हाताने काढला. पाणी ठिबकू लागले. मष्णूने ओल्या बोक्याला तिथल्या बाकाशेजारी सोडले. फौजदार थरथरत थोडा वेळ उभा राहिला. मग मान वाकडी करून चाटू लागला, आणि चाटतच राहिला.

एवढ्यात नागोजीरावांची मालगाडी परत आली. गाडी उभी राहताच गार्ड उतरले. पाठोपाठ ड्रायव्हर आणि इंजिनात कोळसा टाकणारा आगवाला. संध्याकाळच्या पॅसेंजरसाठी आलेल्या बायका पाट्या खाली ठेवून जवळ आल्या. तोटीभोवती कडेच झाले. फौजदार बसला, कुंथला, सगळ्यांकडे बघून उठला. “झाली का?” असे मागच्यांनी पुढच्यांना विचारले, आणि पुढच्यांनी मागच्यांना उपाय सुचवले. मष्णू हात जोडून बोक्यासमोर उकिडवा बसला होता. “कर रं माझ्या राजा,” तो म्हणत होता. “एकदा कर. मग जलमभर मागत न्हाय.”

“या परिस्थितीत मलाही होणार नाही,” वैद्य म्हणाले. “एकांत द्या त्यांना.”

मास्तरांनी हुकूम दिला आणि सर्वांनी पाठ फिरवली. मष्णूचे तोंड शालूबाईने खांद्याला धरून फिरवले. फलाटावर एका बाजूला तोंड करून गार्ड, ड्रायव्हर, आगवाला, पाटीवाल्या बायका, मास्तर, पैटमन आणि वैद्य उभे राहिले. तोटीचे ठिबकणे तेवढे ऐकू येत होते.

संशोधकाच्या दृष्टीने ही मोठी हानी होय. एवढ्या जबाबदार माणसांपैकी एकानेही मुख्य घटना पाहिलेली नाही. आवाजावरूनही काही ठरवता येत नाही, कारण तोटी चालू होती. सगळे वळले तेव्हा फौजदार बाकावर, वैद्यांच्या घडी घालून ठेवलेल्या उपरण्यावर, मागचा पाय वर करून स्वतःला चाटत बसला होता. वैद्यांनी दोन बोटांनी उपरणे उचलले. ते जड झाले होते. त्यांनी ते नाकाशी नेले, आणि शास्त्राची शंका फिटल्यावर खाली ठेवले.

“उतरली,” ते म्हणाले.

मष्णू जमिनीवर बसला आणि पटक्याच्या शेवाने डोळे पुसू लागला. धूर गेला, असे त्याचे म्हणणे. इंजिन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि वारा उलटा होता, असे नागोजीराव सांगतात. याबाबतीत त्यांच्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

वैद्य उपरण्यावाचून खानापूरला परतले. फौजदार कसे आहेत, असे लोकांनी विचारल्यावर त्यांनी “आता आराम आहे” एवढेच सांगितले, आणि यात असत्य काहीच नव्हते. खरे फौजदार फिरतीवरून आले तेव्हा बाजारपेठेतली माणसे त्यांच्या लघवीची आपुलकीने चौकशी करू लागली. त्यांची प्रतिक्रिया काय झाली याची माहिती मिळू शकली नाही; मिळवण्याचा मी फार आग्रहही धरला नाही.

बोका कशाने वाचला, हे मी एका पशुवैद्यांना विचारले. त्यांच्या मते बोक्याची लघवी पूर्ण बंद झाली असेल तर घरगुती उपायांनी काही होत नाही, आणि तो एकदोन दिवसांत मरतो. तेव्हा थोडीफार वाट मोकळी असलीच पाहिजे, आणि हे नशीब समजावे. पुढे दुखणे उलटले नाही, याचे श्रेय ते भरपूर पाण्याला, पातळ ताज्या अन्नाला आणि बंद झालेल्या खाऱ्या बांगड्याला देतात. मष्णू अखेरपर्यंत सराट्याच्या काढ्यालाच देत होता. तो उशिरा लागू पडला, असे त्याचे मत होते. शालूबाईचे मत असे की पुरुषमाणसे बाजूला झाली म्हणून त्या जनावराला सवड मिळाली.

तोटी गळतीच राहिली. साहेबांच्या फेरीत उपेंद्ररावांनी तिचे काय कारण दिले ते विनोदिनीबाईंनाही त्यांनी कधी सांगितले नाही. फौजदाराला ओढ्याची मासळी रोज मिळे. मष्णू सकाळी उठून तोंड धुण्याआधी राखेच्या ढिगापाशी जाई, ओल बघे, आणि ओल दिसली की कामाला लागे. एका पहाटे अवेळी पावसाची सर येऊन सगळा ढीगच भिजला. कुठली ओल कुणाची, हे कळायला मार्ग नव्हता. मष्णू तिथेच उभा राहिला. पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलला येऊन शिट्ट्या घालू लागली, मास्तर कचेरीतून हाका मारू लागले, तरी तो हलला नाही. अखेर फौजदार गोदामाखालून आळस देत बाहेर आला, ढिगावर चढला, मष्णूकडे पाठ करून बसला आणि बराच वेळ बसून राहिला. तो उतरला तेव्हा मष्णू सांधे बदलायला गेला.