विहिरीवरच्या सात जणी

त्या दुपारी दारातून बाहेर पाहिलं, तर विहिरीच्या काठावर सात बायका ओळीने बसल्या होत्या… सगळ्या पाठमोऱ्या. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तिथे फक्त आसरांचे, पाण्यातल्या त्या सात देवींचे, शेंदूर फासलेले सात दगड होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. सासर जतजवळच्या खेड्यात, नवरा फौजेत, घरात सासूबाई आणि मी. मला सातवा महिना लागला होता.

मी मूळची वाईची. वडिलांनी शाळेआधी घरीच शिकवलं आणि एक सवय लावली… झोपताना दिवसभरातल्या चुका क्रमाने आठवायच्या, एकही गाळायची नाही.

आणि माझ्या हातून फार मोठी चूक झाली होती…

आमच्याकडे बायकांनी बाहेर जायचं ते पहाटेच्या अंधारात, नाहीतर दिवस मावळल्यावर. मधे लागली तर धरून ठेवायची. म्हणून मी पाणीच कमी प्यायचे.

पण त्या दिवशी घागर घेऊन विहिरीवर गेले आणि आवरेना. भर दुपारी झुडपाआड बसले. उठले तेव्हा दिसलं, समोर ते सात दगड होते. आसरांसमोर कुणी तसं करत नाही. गरोदर बाईने तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते, कमरेत एका बाजूला कळ येत होती. त्याच दुपारी मला त्या सात जणी दिसल्या. कानाशी बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती… आणि सासूबाईंचे हात तर सासरे गेल्यापासून मोकळेच होते.

"मला बी असंच व्हायाचं गं," सासूबाई पुटपुटल्या. "सातव्यातच. दोन न्हेली माजी, आसरांनी." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "विहिरीवर काय खोट केलीस का?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले. झोपताना तीही चूक मोजली.

दुसऱ्या दिवशी पोट दगडासारखं घट्ट होऊ लागलं. पोटातलं बाळ नेहमीसारखं ढुशा देईना. मला वाटलं, आता त्या घेऊन चालल्या…

शेजारीण म्हणाली, "आत्ती, देवरशाला बोलवा की!"

सासूबाई उठल्या, लुगड्याचा पदर खोचला. "दोन येळा त्याचीच वाट बगत बसले म्या. आता यष्टी बगते."

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लघवी बाटलीत घ्यायला लावली. पातळ ताकासारखी गढूळ होती. मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं… विहीर, दगड, खोटं बोलणं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "क्रमाने सांग. आधी काय झालं?"

क्रमाने सांगायची तर मला सवयच होती. आधी जळजळ. मग घडीघडीला लागायची, दोन थेंब व्हायची. असे आठ दिवस. मग ती घागर, मग ते झुडूप, मग दगड…

मी बोलता बोलता थांबले.

"म्हणजे तिथे बसायच्या आधीच तू आजारी होतीस," त्या म्हणाल्या. "लघवीत जंतू झालेत, ते वर मूत्रपिंडात चढलेत. अशाने दिवस भरायच्या आत मूल होतं. आता इंजेक्शनं घ्यायची, भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. "बाई… माजी दोन बी ह्यानंच गेली का वं?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. "आता कसं सांगू, आजी? असेल."

आठ दिवस मी तिथे होते. ताप उतरला, बाळ पुन्हा ढुशा देऊ लागलं. ती किणकिण माझ्याच थरथरत्या हातांची होती, हे तिथेच कळलं. सात पाठमोऱ्या बायकांचं मात्र आजही सांगता येत नाही… पहाटे अंधारात आम्ही गावच्या बायका अशाच ओळीने बसायचो, एवढंच.

घरी परतले तर गोठ्यामागे तरटाचा आडोसा उभा होता, शेजारी पाण्याचा डेरा. "कवाबी जा," सासूबाई म्हणाल्या. "कुनाला इचारू नगंस."

दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिला घेऊन मी आसरांची ओटी भरायला गेले. सासूबाई मागे उभ्या होत्या. मी वाकले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला… माझ्याशी नव्हे, त्या दगडांशी.

"बायांनो, लय वर्सं तुमच्यावर आळ घेतला म्या. माफी करा."

त्या तरटाच्या आडोशाइतकं मोठं देणं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.