पोळीचा हट्ट

माझ्या मुलीला मीच आजारी ठेवलं. पोळी खाल्ली की तिचं पोट फुगायचं, तसं ती सांगायचीही. शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडे ती बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेला भात, आवडीनं खायची. मी ओरडायचो, "पाण्यातल्या भातानं ताकद येते का? पोळी खाय!" स्टील प्लांटमध्ये राबणाऱ्याच्या घरात गहूच हवा, असा माझा हट्ट होता.

ती वाळत गेली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. जठरात आणि लहान आतड्यात अन्न विरघळून अगदी सूक्ष्म होतं. मग आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव ते शोषून रक्तात पोचवते. तिच्या शरीराला गहू अजिबात सोसत नव्हता, एक घासही; त्यामुळे तिची ती लवच झडली होती. खाल्लेलं अंगी लागणार कसं?

परवा जवळच्याच सुपेला वस्तीत लग्नाच्या पंगतीत माझ्या आत्यानं मुलीच्या पानात पुरी टाकली. "एका पुरीनं मरून राहिली का थे? इतके लाड काऊन?"

मी पुरी उचलून बाजूला ठेवली. "आत्या, आतडं तिचं आहे. तिले भात वाढ, नाहीतर आम्ही उठतो."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिथंच, सगळ्यांदेखत मी म्हणालो, "पोरी, तू सांगत होतीस, मीच ऐकलं नाही. मले माफ कर."