पंचशीला सोनकांबळे आणि वाक्याचं झाड

पंचशीलाबद्दल लिहायचं तर आधी हलगरकरांबद्दल लिहावं लागतं, आणि त्या माणसाची आठवण झाली की मला आजही शिसारी येते. पण इलाज नाही.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झालं. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ रंगवलं गेलं, भाड्याच्या घरांत सरकारी कचेऱ्या भरल्या आणि आमच्या कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. सुरू झालं. मी कविता शिकवायची आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. अमृतराव हलगरकर विभागप्रमुख. भाषाशास्त्राचा पेपर त्यांच्याकडे, कारण ते त्यासाठी उन्हाळ्यात हैदराबादला जाऊन आले होते. तिथं पहिल्या आठवड्यातच पोट बिघडलं आणि उरलेले दिवस खाट आणि संडास यांच्यामध्ये गेले, हे ते स्वतःच हसत सांगायचे. येताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून व्याख्या तेवढ्या उतरवून आणल्या. डीप स्ट्रक्चर, सरफेस स्ट्रक्चर, ट्रान्सफॉर्मेशन, नोड, डॉमिनेट. आकृत्या उतरवायचा कंटाळा केला. त्या घरी येऊन आठवतील तशा काढल्या.

आकृती कसली ते सांगते. या नव्या व्याकरणाचं म्हणणं असं, की वाक्य म्हणजे दोऱ्यात ओवलेले मणी नव्हेत. शब्दांचे गट असतात, गटांच्या पोटात आणखी गट असतात. हे दाखवायला झाड काढतात. सगळ्यात वर एस, म्हणजे अख्खं वाक्य. त्याला खाली दोन फांद्या, एनपी आणि व्हीपी, म्हणजे नामाचा गट आणि क्रियापदाचा गट. त्यांना आणखी फांद्या, आणि तळाला शब्द. फांदी जिथं फुटते त्या प्रत्येक जागेला नोड म्हणतात. मूळ वर, पानं खाली. सगळीकडे असंच काढतात.

हलगरकर शंभर एकरवाले. मूळ वर असलेलं झाड त्यांना पटेना. त्यांनी एस जमिनीवर ठेवला आणि शब्द आभाळात नेऊन टांगले. वर समर्थन असं: “डीप म्हणजे खोल. खोल काय असतं? मूळ. बोअर कुणीकडं मारता, वर का खाली?” त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या तोंडी बोअरच होतं, त्यामुळे पोरांना हे फार पटलं. व्याख्येत मात्र ‘वरचा नोड खालच्याला डॉमिनेट करतो’ हे तसंच राहिलं. म्हणजे सरांच्या झाडात इंग्रजीतल्या ‘द’सारखा फुटकळ शब्द अख्ख्या वाक्यावर हुकूमत गाजवत होता. कुणाला काही वाटलं नाही. पाठ करायचं असलं की माणसाला काही वाटत नाही.

या नोट्स ते वर्गात सांगायचे आणि पोरं लिहून घ्यायची. मग त्या सायक्लोस्टाइल होऊन उदगीर, निलंगा, बिलोली, धर्माबादपर्यंत गेल्या. त्यावर पास झालेली पोरं ठिकठिकाणी लेक्चरर झाली, आणि हा विषय घेणारं दुसरं कुणी नसल्यानं लगेच तीच विद्यापीठाचे पेपर तपासायला बसू लागली. बघता बघता चुकीचं झाड हेच आमच्याकडचं बरोबर झाड झालं.

शहाऐंशीच्या दुष्काळात पंचशीला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. निलंग्याजवळच्या खेड्यातली. वडील नव्हते, आई कोंडाबाई रोजगार हमीच्या कामावर गिट्टी फोडायची. पोरगी बोलायला कमी, पण प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. वसतिगृहाला टँकर येईल तेव्हा यायचा. संडासांचा वास जिन्यापर्यंत यायचा. मुली नाकाला ओढणी लावून अभ्यास करायच्या, आणि त्याच दिवसांत विभागप्रमुखांच्या बंगल्यापुढचा गुलाब पाइपनं भिजत असायचा. असो.

भाषाशास्त्राचं मूळ पुस्तक हलगरकरांच्या कपाटात कुलपात असे. माझ्याकडे माझी प्रत होती, ती मी पंचशीलाला दिली. दुसऱ्याच दिवशी ती पुस्तक घेऊन वर्गात उभी राहिली. मी शेजारच्या वर्गात होते, मधे नुसती फळ्यांची भिंत. सगळं ऐकू आलं.

“सर, पुस्तकात झाडाचं मूळ वर आहे.”

“छापखान्यात ठोकळा उलटा बसला असंल.”

“अक्षरं सुलटी आहेत, सर.”

वर्ग हसला. तिथंच घात झाला. हलगरकर म्हणाले, “सोनकांबळे, सवलतीवर आलाव, सवलतीवर जावा की गुमान. पास व्हायचंय का वनखात्यात लागायचंय?”

मग वर्ग आणखी मोठ्यांदा हसला. तेव्हापासून वर्षभर ती ‘वनखातं’. मी स्टाफरूममध्ये हलगरकरांच्या तोंडावर सांगितलं, की आकृती तुमची चुकली आहे आणि त्या मुलीला बोललात ते तर गलिच्छ आहे. ते पानाची पिंक खिडकीबाहेर टाकून म्हणाले, “उमाबाई, तुम्ही तुमच्या कविता सांभाळा.” खिडकीखाली मुलींच्या सायकली असत. रोज त्यांच्या सीटवर लाल शिंतोडे.

निलंग्याला नवं कॉलेज निघालं होतं आणि तिथं इंग्रजीची एक पक्की जागा होती. अट पंचावन्न टक्क्यांची. भाषाशास्त्राच्या पेपरात झाडं काढायलाच निम्मे मार्क. तपासणारे सगळे हलगरकरांचे शिष्य. पंचशीला माझ्या खोलीत आली.

“मॅडम, पेपरात कोणतं काढू?”

“हे काय विचारणं झालं? बरोबर ते काढ.”

कोंडाबाई त्या दिवशी लेकीला भाकरी घेऊन आली होती. दारात बसून तंबाखू मळत होती. ती म्हणाली, “बाई, रागावू नगा. कामावर आमी गिट्टीचा ढीग लावतो, मुकादम टेप लावतो. त्येचा टेप खोटा हाय, समद्यास्नी ठावं हाय. पर हजेरी त्येच्याच टेपानं लागती. माज्या हातानं मोजलं तर कोन देतंय?”

“म्हणून टेप खरा होतो का?”

“न्हाई होत. पर चूल पेटती.”

मी चिडले. मला वाटलं, पोरगी माझं ऐकेल. पंचशीला आईची भाकरी फडक्यात बांधत राहिली.

निकाल लागला. भाषाशास्त्रात एकसष्ट, त्या पेपरात सगळ्यांत जास्त. एकूण सत्तावन्न टक्के. पेढे घेऊन आली तेव्हा मी पेढ्याला हात न लावता विचारलं, “उलटं काढलंस?”

“हाव. पट्टीनं, सुबक. सरांनी शिकवलं तस्सं.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली. पण मॅडम, आई आता गिट्टीवर जाणार नाही. तुमच्या घरी नळ आहे, तुम्हाला हे लाजिरवाणं वाटणं साहजिक आहे.”

मला राग आला आणि तो बरेच दिवस गेला नाही. तिच्यावर होता, हलगरकरांवर होता, आणि सगळ्यांत जास्त त्या तपासनिसांवर, ज्यांनी आयुष्यात एकदाही पुस्तक उघडून बघितलं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी विद्यापीठाच्या तपासणी समितीतून मी निलंग्याला गेले. पत्र्याचे वर्ग, बसायला फरशी. पंचशीलाचा तास होता, मी मागं जाऊन बसले. तिनं फळ्यावर वर एस लिहिला, त्याला खाली फांद्या काढल्या. ‘द फार्मर डग अ वेल’ हे वाक्य उकलून दाखवलं. कोणता गट कुणाच्या पोटात आहे, कोण कुणाला डॉमिनेट करतो, सगळं लख्ख. मी इतकी वर्षं त्या विभागात काढली, पण इतका स्वच्छ तास मी ऐकला नव्हता. पोरांना कळत होतं, चेहऱ्यांवर दिसत होतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. सिंधू नाव. हातात सायक्लोस्टाइलचे तेच पिवळे कागद.

“मॅडम, हे कळलं. पण परीक्षेत कोणतं काढायचं?”

सगळ्या माना वर झाल्या, पेनं तयार. पंचशीलानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हेच काढा. कुणी मार्क कापले तर मी तुमच्यासोबत विद्यापीठात येते. माझी नोकरी गेली तरी येते.”

मला बरं वाटलं. क्षणभरच. सिंधू उभीच होती.

“मॅडम, तुमच्या परीक्षेत तुम्ही कोणतं काढलं होतं?”

तिला खोटं बोलता आलं असतं. तिच्या जागी मी असते तर कदाचित विषय बदलला असता. पंचशीला सरळ त्या मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “हलगरकर सरांचं. एकसष्ट मार्क पडले.”

“थँक्यू मॅडम,” म्हणून सिंधू खाली बसली. अख्ख्या वर्गानं पान उलटलं, तळाला एस लिहिला आणि वर फांद्या काढायला सुरुवात केली. पट्ट्यांचे आवाज येत होते. पंचशीला फळ्यासमोर उभी राहिली, तिनं कुणालाच थांबवलं नाही. मी समितीच्या अहवालात ‘अध्यापन उत्तम’ लिहिलं, सही केली आणि चहा न घेता जीपमध्ये जाऊन बसले.