सात आठे चोपन्न

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत गणित शिकवते. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी जेवणं झाल्यावर गंमत म्हणून वाचते, नवऱ्याला वाचून दाखवते आणि दोघं मिळून हसतो. आज माझंच लिहायला बसलेय... हसा खुशाल.

आमची शाळा नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाताना लागते. माझी आई याच शाळेत शिकवायची. बाबा पॉवर स्टेशनला होते, आम्ही तिथल्याच कॉलनीत वाढलो. आईला जाऊन तीन वर्षं झाली. शाळेतला आताचा सगळा स्टाफ नवा आहे, तिला पाहिलेलं कुणी उरलेलं नाही.

द्राक्षांच्या हंगामातली गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात हिरा आहे, सुरगाण्याकडची. आईवडील सायखेड्याला बागेत कामाला आलेले, आणि पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला इथे आत्याकडे ठेवलेलं. त्या दिवशी कुणीतरी तिला सांगितलं, की सायखेड्याला कामाला आलेली माणसं काम आटोपून गावी निघाली. मधल्या सुट्टीनंतर हिरा वर्गात नव्हती. दप्तर बाकावरच होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, आधी आपण शोधू, उगाच गवगवा नको. माझं डोकंच फिरलं. पोर हरवलंय आणि आपण शाळेची अब्रू सांभाळत बसायचं? मी त्यांच्यासमोरच पोलिसांना फोन लावला, मग आत्याला. वर्गातल्या मुलींना जवळ बसवून, न रागावता विचारलं, तेव्हा एकीने सांगितलं — हिरा आईकडे गेलीय, चालत. दोघं शिक्षक रेल्वे स्टेशनकडे पळाले. मी स्कूटी काढली आणि सायखेड्याचा रस्ता धरला.

त्या रस्त्याला नदीच्या अंगाने नुसता ऊस. आणि उसात बिबट्या असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ऊन उतरायला लागलं होतं. मी "हिरा, हिरा" करून घसा बसेपर्यंत ओरडले. शेवटी गाडी बाजूला लावली आणि रडले. आईची अशी आठवण आली म्हणून सांगू...

तिच्या वेळी एखादं पोर रुसून, घाबरून लपलं, तर ती नावाने हाक मारायचीच नाही. म्हणायची, नाव ऐकलं की पोराला वाटतं आता मार बसणार, ते आणखी आत सरकतं. ती मोठमोठ्याने पाढा म्हणत फिरायची — आणि मुद्दाम चुकायची! पाढे पाठ असलेल्या पोराला ते सहनच होत नाही. मीसुद्धा एकदा रागावून कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीमागे लपले होते. आई आली ती "सात आठे चोपन्न" म्हणत. परत चोपन्न. परत चोपन्न. शेवटी मीच चिडून ओरडले, "छप्पन्न!" आणि सापडले. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

त्या दिवशी रस्त्यावर मला हे सगळं आठवलं, पण पाढा मी म्हटला नाही. डोळे पुसून वर बघितलं, तर थोड्या अंतरावर उसातून हिरा बाहेर येत होती. पाय चिखलाने भरलेले, हात उसाच्या पात्यांनी कापलेले. माझ्याकडे न बघता ती इकडेतिकडे शोधत होती.

"बाई, त्या कुठं गेल्या?"

"कोण गं?"

"त्या दुसऱ्या बाई. कुत्री मागं लागली म्हणून मी उसात घुसले, मंग वाटच घावंना. तर त्या पाढा म्हणत व्हत्या. चुकीचा. सात आठे चोपन्न. मी छप्पन्न सांगायची, तरी त्यांचं आपलं चोपन्नच. सांगत सांगत त्यांच्या मागं आले, तं रस्ता लागला."

दिसल्या का, विचारलं. तर नाय म्हणाली, नुसता आवाज, पुढं पुढं.

मी तिला पोटाशी धरलं आणि शाळेत घेऊन आले. तिचे आईवडील गावी गेलेच नव्हते. निरोप मिळताच तिची आई शाळेत धावत आली, आणि मायलेकी तिथेच व्हरांड्यात बसून कितीतरी वेळ रडल्या.

नवरा म्हणतो, कुणी मजूर बाई असेल, किंवा पोरीला भास झाला असेल. असेलही. मी जवळच्या वस्तीवर विचारून आले, कुणालाच काही माहीत नाही. आणि भास झाला तर झाला, पण नेमका चोपन्नचा?

खरं सांगू का, मला आधी रागच आला. तीन वर्षं मी आईला म्हणतेय, एकदा स्वप्नात तरी ये गं. आली नाही. आणि आली ती कुणासाठी, तर हिरासाठी. मग वाटलं, बरोबरच आहे. हरवली हिरा होती.

तरी आता शाळा सुटल्यावर कधीकधी मी त्या रस्त्याने जाते. उसाजवळ गाडी लावते, आजूबाजूला कुणी नाही ना बघते, आणि मोठ्याने म्हणते, "सात आठे चोपन्न." मग थोडा वेळ थांबते. अजून तरी कुणी माझी चूक सुधारलेली नाही.